घरचं बियाणं अन् फायरफॉक्स

गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं अन् झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, पोरांच्या स्कॉलरशिपा, सारं एकाच कॉम्प्युटरवर, अन् तो पण विंडोज सेवनवाला म्हातारा, दोन जीबी रॅमचा. मागं त्याच्यातला ब्राउझर, म्हणजे इंटरनेटची पानं उघडायचा प्रोग्राम, रोज वर पट्टी दाखवायला लागला की या विंडोजला आता अपडेट मिळणार नाही. नवा मशीन घ्यायचा म्हटलं तर कापसाच्या भावाकडं पाहावं लागते. शेवटी भाच्यानं फायरफॉक्स नावाचा दुसरा ब्राउझर टाकून दिला अन् काम सुरू झालं, मग मी हे प्रकरण काय आहे ते वाचत बसलो.

1994 मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर नावाचा ब्राउझर आला, तेव्हाचा राजाच. 1995 मध्ये मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोरर काढला अन् पुढं तो विंडोजसोबतच फुकट देऊ लागले, मग दुसरा कशाला कोण शोधते? नेटस्केप कंपनी हरायला लागली अन् हरता हरता तिनं एक भारी काम केलं, 31 मार्च 1998 ला ब्राउझरचा सोर्स कोड जगासाठी मोकळा करून टाकला. सोर्स कोड म्हणजे प्रोग्राम ज्याच्यापासून बनते तो माणसानं लिहिलेला मूळ मजकूर. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर बंद सॉफ्टवेअर म्हणजे बीटी कापसाचं पाकीट, पेरा, वेचा, पण पुढच्या साली पुन्हा पाकीट घ्याच. ओपन सोर्स म्हणजे घरच्या ज्वारीचं बियाणं, निवडून ठेवा, पेरा, शेजाऱ्याला पायलीभर द्या, कोणी विचारत नाही. (उदाहरण तंतोतंत बसत नाही, इथंही लायसन्सचे नियम असतातच, पण समजायला पुरे.)

या कामाला मोझिला नाव पडलं. जुना कोड इतका गुंतलेला निघाला की पानं दाखवायचं इंजिनच नव्यानं घेतलं, त्याचं नाव गेको, अन् मोझिला 1.0 यायला जून 2002 उजाडला. तेही जडच, ईमेल अन् वेबपेज बनवायचं सामान सारं एकातच कोंबलेलं. मग डेव्ह हयात, जो हेविट अन् तेव्हा जेमतेम 17 वर्षांचा ब्लेक रॉस यांनी त्यातून नुसता ब्राउझर वेगळा काढला. नाव ठेवलं फिनिक्स, ते आधीच दुसऱ्या कंपनीचं निघालं, मग फायरबर्ड, त्या नावाचा डेटाबेस होता, शेवटी फेब्रुवारी 2004 मध्ये फायरफॉक्स. बारसं तीनदा! अन् फायरफॉक्स म्हणजे खरं तर लाल पांडा, आपल्या सिक्कीम-अरुणाचलात राहते तो, लोगोत मात्र कोल्हाच दिसते.

9 नोव्हेंबर 2004 ला 1.0 आलं तेव्हा एक्सप्लोरर 2001 पासून सहाव्या आवृत्तीवरच अडकलेला होता. फायरफॉक्समध्ये एकाच खिडकीत अनेक टॅब, आगाऊ पॉपअप बंद, वरून हवी ती एक्स्टेन्शन, म्हणजे जादा सोयीचे छोटे प्रोग्राम, जोडा. जून 2008 मध्ये तिसरी आवृत्ती 24 तासांत 80,02,530 वेळा डाउनलोड झाली, गिनीज बुकात नोंद आहे. पण त्याच साली सप्टेंबरात गूगलचं क्रोम आलं अन् फायरफॉक्स मागं पडत गेलं, 2017 च्या क्वांटम आवृत्तीनं वेग बराच सुधारला तरी गेलेलं गिऱ्हाईक काही सारं परत आलं नाही.

आता दुकानातली गोष्ट. परवा एक काका खुर्ची सरकवून म्हणाले, "काहून गा, माह्यं खातं मागून येणाऱ्याले दिसन काय?" म्हटलं काका, प्रायव्हेट विंडो उघडली आहे, बंद केली का लॉगिन अन् हिस्ट्री दोन्ही पुसली जाते. (इंटरनेट देणाऱ्या कंपनीपासून मात्र ती काही लपवत नाही, अन् डाउनलोड केलेली पीडीएफ तशीच पडून राहते, ती मी हातानं डिलीट करतो.)

लॉगिन लक्षात राहते ते कुकीमुळं, म्हणजे साइट आपल्या ब्राउझरात ठेवते त्या छोट्या नोंदीमुळं. जिनिंगच्या गेटवर चिठ्ठी देतात, पुन्हा आलं की चिठ्ठी दाखवा, ते ओळखतात, कुकी तशीच. खोट तिथं येते जिथं एकच जाहिरातवाला कृषी केंद्रातही उभा, किराण्यातही उभा, दवाखान्यातही उभा, अन् सगळीकडं स्वतःचीच चिठ्ठी तुमच्या खिशात तपासते. सकाळी बोंडअळीचं औषध पाहिलं की संध्याकाळी बातम्यांच्या पानावर तीच जाहिरात, ती अशी येते. फायरफॉक्स आता प्रत्येक साइटच्या चिठ्ठ्या वेगळ्या डब्यात ठेवते, म्हणून किराण्यातली चिठ्ठी त्याला दवाखान्यात सापडत नाही.

एक मात्र खटकते. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची बहुतेक कमाई गूगलच्या सर्चला आधीपासून जागा देण्याच्या करारातून येते, म्हणजे ज्याच्याशी कुस्ती त्याच्याच घरचा खुराक.

माझ्या विंडोज सेवनसाठी त्यांनी 115 नंबरची आवृत्ती ठेवली, नवीन सोयी नाहीत पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मुदत वाढवून वाढवून देत राहिले. मेनू मराठीत करून घेतला आहे. दहाच्या वर टॅब उघडले का सीपीयूचा पंखा थ्रेशरसारखा गरजते, तेवढं सोडलं तर चालू आहे बापा.