चमत्कारांची विरळता (ख्रिस्ती परंपरा)

येशू ख्रिस्त आणि त्याचे प्रेषित यांच्या काळात चमत्कार जागोजागी घडत होते. मग आज ते का घडत नाहीत, किंवा घडत असतील तर का दिसत नाहीत, हा ख्रिस्ती धर्मविचारातला जुना वाद आहे. एका पक्षाच्या मते आंधळ्याला दृष्टी देणे, मेलेल्याला उठवणे, न शिकलेल्या भाषा बोलणे ही कृपादाने प्रेषितांच्या पिढीपुरतीच होती. नव्या संदेशावर शिक्का उमटला, बायबल पूर्ण झाले आणि त्यांचे काम संपले. याला विरामवाद म्हणतात. दुसरा पक्ष सातत्यवाद्यांचा. त्यांच्या मते दाने कधीच थांबली नाहीत, आटला तो माणसांचा विश्वास. दोन्ही पक्ष करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायावरच भांडतात. ‘पूर्ण ते येईल’ तेव्हा अपूर्ण ते नाहीसे होईल, असे प्रेषित पौल तिथे लिहितो. पण ‘पूर्ण ते’ म्हणजे बायबल की जगाचा शेवट, हे सांगत नाही. संशयवाद्यांचे तिसरे उत्तर उघडच आहे : तेव्हाही काही घडत नव्हते.

ठाण्याच्या ख्रिस्ती घरांत हा प्रश्न पुस्तकी नाही. एकाच कुटुंबात आजी बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला जाते, नातू चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या मेळाव्यात, साक्षी ऐकून येतो आणि मुलगा दोघांनाही डॉक्टरकडे चला म्हणतो. शिवाय ठाणे शहराची स्वतःची एक चमत्कारकथा आहे, सातशे वर्षांपूर्वीची. ती पुढे येईलच.

आधी मुळातला हिशेब पाहायला हवा. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पेत्राची नुसती सावली पडून रोगी बरे होतात, पौलाच्या अंगावरचे रुमाल आजाऱ्यांना लावले जातात. वाचताना वाटते, रोज सकाळी काहीतरी घडत होते. पण ते पुस्तक सुमारे तीस वर्षांचा काळ अठ्ठावीस अध्यायांत बसवते. चमत्कार लिहिले जातात, चमत्कार न झालेले आठवडे लिहिले जात नाहीत. त्याच काळातली पत्रे वाचली तर चित्र बदलते. आपला सहकारी त्रफिम याला पौल मिलेतात आजारी सोडून पुढे गेला. तीमथ्याच्या पोटदुखीवर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. स्वतःच्या ‘शरीरातला काटा’ निघावा म्हणून तीनदा प्रार्थना केली आणि तो निघाला नाही. संपूर्ण बायबलमध्येही चमत्कार सारखे पसरलेले नाहीत. मोशे, एलिया-अलिशा आणि येशू-प्रेषित यांच्याभोवती ते दाटतात. मधली शतके बऱ्यापैकी कोरडी जातात. योहानाच्या शुभवर्तमानात (10:41) तर लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल स्पष्ट म्हणतात, की त्याने एकही चिन्ह, म्हणजे चमत्कार, केले नाही. ठाण्यात मासुंदा तलावाजवळचे पोर्तुगीज परंपरेतले जुने चर्च याच संताच्या नावाचे आहे, हा योगायोग गमतीचा आहे.

चंगाई सभांमध्ये वारंवार ऐकू येणारे वचन मार्कच्या सोळाव्या अध्यायातले : विश्वास ठेवणारे साप उचलतील, विष प्यायले तरी त्यांना बाधणार नाही, आजाऱ्यांवर हात ठेवतील आणि ते बरे होतील. चौथ्या शतकातल्या दोन सर्वात महत्त्वाच्या हस्तलिखितांत, सिनाय आणि व्हॅटिकन प्रतींत, हा शेवटचा भागच नाही. बहुतेक अभ्यासक तो नंतर जोडलेला मानतात. तरी आरंभीच्या ख्रिस्ती समाजात अशी अपेक्षा होती, एवढे त्यावरून नक्की समजते.

श्रद्धावंतांचा एक युक्तिवाद मात्र वजनदार आहे. येशूच्या विरोधकांनी ‘काही घडलेच नाही’ असे म्हटले नाही; ती जादू आहे किंवा सैतानाचे काम आहे, असे म्हटले. दुसऱ्या शतकातला टीकाकार सेल्सस हेच म्हणतो, ज्यू परंपरेतला आरोपही तसाच आहे. अडचण अशी, की त्या काळी अद्‌भुताला कोणीच आश्चर्य मानत नव्हते. एपिदॉरस येथील अ‍ॅस्क्लेपियस देवाच्या मंदिरात बऱ्या झालेल्यांच्या कहाण्या दगडावर कोरलेल्या होत्या. सम्राट व्हेस्पेशियनने अलेक्झांड्रियात एका आंधळ्याला दृष्टी दिल्याचे रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. ज्या जगात सगळेच चमत्कार मानतात तिथे विरोधकाची कबुली पुरावा म्हणून फारशी कामाची नसते.

‘पूर्वीसारखे आता राहिले नाही’ ही तक्रार आधुनिक नाही. तिसऱ्या शतकाच्या मध्याला ख्रिस्ती विद्वान ऑरिजेन लिहितो, की त्या सामर्थ्याच्या काही खुणा अजून उरल्या आहेत. 407 मध्ये वारलेला जॉन क्रिसोस्टम ही दाने आता बंद झाली असे प्रवचनातच सांगतो. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने दिलेला दाखला पुढे हजार वर्षे फिरला : रोप लावले की ते धरेपर्यंत पाणी घालतात, मूळ धरल्यावर थांबतात. आजही रविवारच्या प्रवचनात हे रोप भेटते.

यांतला सर्वात बोलका साक्षीदार पुढे बिशप झालेला ऑगस्टीन. 390 च्या सुमारास त्यानेही लिहिले होते, की चमत्कार आपल्या काळापर्यंत चालू ठेवले गेले नाहीत, नाहीतर मन कायम डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींच्या मागे लागले असते. पुढे त्याचे मत बदलले. संत स्तेफनच्या अस्थींचा अंश उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहरात, म्हणजे त्याच्याच धर्मप्रांतात आला. बरे झालेल्यांचे अनुभव लिहवून घेऊन सभेत वाचायची प्रथा त्याने सुरू केली, आणि दोन वर्षे पुरी होण्याआधी असे जवळपास सत्तर कागद जमले. ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या शेवटच्या खंडात तो यांतले बरेच प्रसंग सांगतो आणि मुख्य प्रश्नाचे उत्तरही देतो. बायबलमधले चमत्कार सगळीकडे वाचले जातात म्हणून सगळ्यांना पाठ असतात. आजचे चमत्कार जिथे घडतात त्या गावालाही धड माहीत नसतात.

कार्थेजच्या एका प्रतिष्ठित बाईची गोष्ट त्याने याच संदर्भात दिली आहे. तिला स्तनाचा कर्करोग होता आणि वैद्याने उपचार करू नका असा सल्ला दिला होता. स्वप्नात तिला सांगण्यात आले, की ईस्टरला बाप्तिस्मा घेऊन बाहेर पडणारी पहिली स्त्री जी भेटेल तिच्याकडून त्या जागी क्रुसाची खूण करून घे. तिने तसे केले आणि ती बरी झाली. वैद्याने मोठ्या उत्सुकतेने विचारले, कोणते औषध घेतले? खरे ऐकल्यावर त्याचा चेहरा असा झाला, की हा आता ख्रिस्ताची निंदा करणार असे तिला वाटले. पण तो म्हणाला, मला वाटले तुम्ही काही मोठे सांगाल, चार दिवसांच्या मेलेल्याला ज्याने उठवले त्याला यात काय अवघड? ऑगस्टीन भडकला तो वैद्यावर नव्हे, बाईवर. एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या मोठ्या घरात हे घडले आणि कोणाला पत्ता नाही? मी गप्प बसले नव्हते, असे तिने सांगितले. तिथेच बसलेल्या तिच्या जवळच्या मैत्रिणींना विचारले, तर त्यांनी काहीच ऐकले नव्हते. चमत्कार विरळ का वाटतात याचे याहून नेमके वर्णन नंतरच्या कुणी केले असेल असे वाटत नाही. मग तो रोग खरोखर कोणता होता, हे आपल्याला तपासता येत नसले तरी.

आता ठाणे. 1321 मध्ये तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रिउस हे संत फ्रान्सिसच्या संघाचे चार फ्रान्सिस्कन होर्मुझहून कोल्लमला निघाले होते; जहाज त्यांना ठाण्यात घेऊन आले. त्या वेळी इथे नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या चर्चच्या, ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, त्यांतल्या एका घरी ते उतरले. घरधन्याने बायकोला मारले, बायको काझीकडे गेली, साक्षीला या पाहुण्यांचे नाव निघाले आणि तिथून धर्माचा वाद पेटला. कथेनुसार जेम्सला आगीत टाकले, तो भाजला नाही. कपडे उतरवून, तेल ओतून पुन्हा टाकले, तरी भाजला नाही. मलिक हा अधिकारी दबला आणि त्याने तिघांना खाडीपार पाठवून दिले; पण रात्री माणसे पाठवून त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. मागे राहिलेल्या पीटरला नंतर मारले. जॉर्डानुस नावाचा फ्रेंच डॉमिनिकन त्या वेळी बाहेरगावी गेला होता; त्याने मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. हाच जॉर्डानुस 1329 मध्ये कोल्लमचा बिशप नेमला गेला.

आगीची ही हकिकत सांगणारा फ्रान्सिस्कन प्रवासी पोर्देनोनेचा ओदोरिक घटनेनंतर ठाण्याला आला. त्याने या हुतात्म्यांच्या अस्थी उकरल्या, चीनला नेल्या आणि सगळा प्रवास 1330 मध्ये पादुआत सांगून लिहवून घेतला. म्हणजे आगीचा प्रसंग ऐकीव आहे आणि लिहिला गेला तो नऊ वर्षांनी. मात्र दोन चमत्कार तो स्वतःच्या अनुभवाचे म्हणून सांगतो : अस्थी उशाशी घेऊन झोपलेल्या घराला आग लावली तेव्हा तो ज्या कोपऱ्यात होता तेवढाच वाचला, आणि समुद्रात वारा पडला तेव्हा एक हाड पाण्यात टाकताच वारा सुटला. याला पुरावा म्हणायचे की भाविक प्रवाशाचे समाधान, हे वाचणाऱ्याच्या पिंडावर आहे. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. कथेतल्या आगीतून जेम्स सुटतो, तलवारीपासून नाही. प्रेषितांच्या कृत्यांतल्या बाराव्या अध्यायातही देवदूत पेत्राला तुरुंगातून सोडवतो आणि त्याच अध्यायाच्या सुरुवातीला याकोबाला हेरोद तलवारीने मारतो. चमत्कारांच्या सुवर्णकाळातही ते सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हते.

धर्मसुधारणेच्या काळात वादाला राजकारण चिकटले. तुमच्याकडे चमत्कार कुठे आहेत, असे कॅथलिक प्रोटेस्टंटांना विचारत. आमची शिकवण जुनीच आहे, तिला नवे शिक्के लागत नाहीत, असे प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनचे उत्तर होते. अठराव्या शतकात कॉन्यर्स मिडल्टनने प्रेषितांनंतरच्या शतकांतले चमत्कार तपासून ते विश्वसनीय नाहीत असे मांडले, तेव्हा मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्लीने 1749 च्या जानेवारीत त्याला लगेच उत्तर लिहिले. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा चमत्कारांवरचा निबंध 1748 चा. साक्षीदार खोटा असणे हे चमत्कार घडण्यापेक्षा जास्त अशक्य असेल तरच साक्ष मानावी, हा त्याचा निकष. 1918 मध्ये अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ वॉरफिल्डने विरामवादाची सर्वात कडक मांडणी केली. पण तोवर वारे फिरले होते.

ते फिरण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. 1905 मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींमध्ये प्रार्थनेची मोठी लाट उठली : रडणे, पापांची कबुली, अंगात आग भरल्याचा अनुभव, पुढे अन्य भाषांत बोलणे. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटची प्रसिद्ध जागृती त्याच्या पुढच्या वर्षीची, 1906 ची. पवित्र आत्म्याच्या कृपादानांवर भर देणाऱ्या पेंटेकोस्टल चळवळीचा इतिहास अमेरिकेपासूनच सुरू करणाऱ्यांना केडगाव अडचणीचे ठरते. या प्रवाहाच्या मंडळ्या आज ठाणे-नवी मुंबईत सोसायट्यांचे हॉल, शाळांचे वर्ग, दुकानांचे गाळे भाड्याने घेऊन भरतात. तिथे साक्ष देणाऱ्यांना विचारले तर चमत्कार विरळ नाहीतच : गाठ विरघळली, नोकरी लागली, नवऱ्याची दारू सुटली. लक्षात येण्याजोगी गोष्ट अशी, की यांत न भाजणारा माणूस किंवा पुन्हा उगवलेला पाय जवळजवळ नसतो. दावे भरपूर आहेत. बदलला आहे तो त्यांचा प्रकार.

त्याचे एक कारण वैद्यक. मार्कच्या नवव्या अध्यायातला फेस गाळत आगीत-पाण्यात पडणारा मुलगा आज अपस्माराचा रुग्ण म्हणून ओळखला जाईल आणि गोळ्या घेऊन शाळेत जाईल. भूतबाधा म्हणून आणलेल्या कित्येकांसाठी ठाण्यातच 1901 पासून मनोरुग्णालय आहे. रोगी आधी डॉक्टरकडे जातो. चमत्काराच्या वाट्याला येतात ती डॉक्टरने हात टेकलेली प्रकरणे, आणि त्यांची आता फाईल असते. फाईल असली की तपासणी होते. कॅथलिक चर्चने ही तपासणी स्वतःच कडक केली आहे. अठराव्या शतकात लांबेर्तिनी, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट चौदावे, यांनी घातलेल्या निकषांत रोग गंभीर हवा, बरे होणे तत्काळ, पूर्ण आणि टिकाऊ हवे, आणि ते उपचाराने झालेले नसावे. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानी बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले. चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरच्या थोडे वर आहेत. ही विरळता चाळणीने निर्माण केली आहे. पहिल्या शतकात ही चाळणी नव्हती, हे कोणताही पक्ष नाकारत नाही.

या चाळणीतून हुतात्मे मात्र काही प्रमाणात सुटतात. वसईचे गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीत क्रुसावर मारले गेले आणि 1862 मध्ये संत घोषित झाले. ते भारतात जन्मलेले पहिले संत. हुतात्म्याला ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) म्हणण्यासाठी चर्च आजही चमत्काराचा पुरावा मागत नाही. मरण हीच त्याची साक्ष धरली जाते.

तपासणी आता चर्चबाहेरही होते, आणि ती एका धर्मापुरती नाही. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या आणि पृष्ठताणाचे स्पष्टीकरण लगेच आले. 2006 मध्ये माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाले म्हणून लोक ते बाटल्यांत भरून नेत होते. 2012 मध्ये विलेपार्ल्यात येशूच्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकत होते. ते तुंबलेल्या गटारातून केशाकर्षणाने वर चढते आहे असे एका बुद्धिवाद्याने सांगितले, तेव्हा त्याच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी दाखल झाल्या.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 मध्ये झालेल्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात तथाकथित चमत्कारांचे प्रदर्शन करून पैसा मिळवणे आणि त्यांच्या प्रचाराने लोकांना फसवणे किंवा दहशत घालणे हा गुन्हा आहे. त्याच कायद्याने दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे आणि त्यांचा प्रसार करणे मात्र वगळले आहे. ज्ञानेश्वरांची भिंत, तुकोबांची तरलेली गाथा, पेत्राची सावली आणि ठाण्याच्या आगीतला जेम्स हे सगळे या सवलतीत बसतात. हयात माणसाने चमत्काराचा बाजार मांडला, तर पोलीस ठाण्यात तक्रार करता येते.