न्यूझीलंडमध्ये शेतजमीन घेताय? रिजनल कौन्सिलच्या पाण्याच्या कन्सेंटविषयी आधी हे वाचा

ऑकलंडबाहेर, वायकाटोत किंवा हॉक्स बेमध्ये लाइफस्टाइल ब्लॉक (घरासह छोटी शेतजमीन), फळबाग किंवा डेअरी घेताना आपली मंडळी घराची परवानगी आवर्जून तपासतात. पाण्याचा विषय मात्र राहून जातो, आणि पुढची बरीच डोकेदुखी तिथूनच सुरू होते. घर बांधायची परवानगी डिस्ट्रिक्ट किंवा सिटी कौन्सिल देते. नदी-ओढ्यातून किंवा बोअरमधून पाणी उचलायचं असेल किंवा गोठ्याचं शेणपाणी जमिनीवर सोडायचं असेल, तर रिजनल (विभागीय) कौन्सिलकडे जावं लागतं. तिच्या परवानगीला कन्सेंट म्हणतात. देशात अशा अकरा कौन्सिल आहेत. ऑकलंड, गिझबर्न, नेल्सन, टास्मन आणि मार्लबरो या पाच ठिकाणी दोन्ही कामं एकाच कौन्सिलकडे आहेत.

या सगळ्याचा पाया म्हणजे रिसोर्स मॅनेजमेंट अ‍ॅक्ट १९९१. त्याच्या जागी नवे कायदे आणणारी दोन विधेयकं डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडली गेली आहेत, म्हणून अर्जाच्या दिवशी कौन्सिलच्या संकेतस्थळावर ताजे नियम पाहून घ्या.

कन्सेंट लागते का?

घरातला रास्त वापर आणि जनावरांचं पिण्याचं पाणी यांना कायद्याच्या कलम १४ नुसार कन्सेंट लागत नाही. अट एकच, त्या उपशाने पर्यावरणावर वाईट परिणाम होता कामा नये. बोअर खणण्याचे नियम मात्र वेगळे असतात. बागेसाठी किंवा धंद्यासाठी पाणी हवं असेल, तर त्या भागाचा प्रादेशिक आराखडा, म्हणजे रिजनल कौन्सिलची नियमावली, उघडावाच लागतो. किती पाणी चालेल, कुठून घेता येईल, हे प्रत्येक विभागात वेगळं आहे. शेजारच्या विभागातल्या मित्राचं ऐकून पंप बसवू नका. आराखड्यात एखादं काम ‘परमिटेड’ (कन्सेंटशिवाय चालणारं) असलं तरी त्याच्या अटी पाळाव्याच लागतात. त्या मोडल्या की ते काम परमिटेड राहत नाही.

अर्ज कोण करू शकतं, कागद कोणते

पात्रतेची भीती नको. अर्ज कोणीही करू शकतं. नागरिकत्वाची अट नाही, जमीन स्वतःच्या नावावर असण्याचीही नाही. मालक आणि कब्जेदार यांची नावं मात्र अर्जात द्यावी लागतात. अर्ज फॉर्म ९ वर करायचा. सोबत जागेचा नकाशा, कामाचं नेमकं वर्णन, लागणाऱ्या इतर परवानग्यांची यादी आणि पर्यावरणावरील परिणामांचं मूल्यमापन जोडायचं. ज्यांच्यावर परिणाम होईल अशा शेजाऱ्यांची लेखी मान्यता फॉर्म ८अ वर मिळाली, तर काम बरंच सोपं होतं. स्थानिक माओरी इवींशी (मूळ रहिवाशांच्या टोळ्यांशी) आधीच बोलून घ्या. नदीशी त्यांचं नातं पूर्वजांचं आहे आणि वायकाटो नदीबाबत तर २०१० च्या कायद्याने त्यांना निर्णयप्रक्रियेत स्थान दिलं आहे.

खरा अभ्यास मागतं ते परिणामांचं मूल्यमापन. ‘काही परिणाम होणार नाही’ या एका ओळीवर अर्ज परत येतो. पाणी किती, कोणत्या महिन्यांत, जवळचा ओढा किंवा शेजाऱ्याचा बोअर किती अंतरावर, माती कशी, पावसाळ्यात शेणपाणी साठवायला जागा किती, हे सगळं लिहा. प्रकल्प मोठा असेल तर सल्लागार घ्या, पण त्याने लिहिलेला प्रत्येक शब्द सही करण्याआधी स्वतः वाचा.

अर्ज अपुरा असेल तर कौन्सिल दहा कामकाजी दिवसांत परत पाठवू शकते. जाहीर सूचना न काढता हाताळल्या जाणाऱ्या अर्जावर वीस कामकाजी दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. मात्र कौन्सिलने जादा माहिती मागितली की मोजणी थांबते. शिवाय २० डिसेंबर ते १० जानेवारी हे दिवस कामकाजी धरले जात नाहीत. सुरुवातीला भरता ती फी बहुधा अनामत असते. खरा खर्च जास्त झाला तर वरचं बिल येतं. अटी मान्य नसतील तर आक्षेपासाठी पंधरा कामकाजी दिवस मिळतात.

कन्सेंटनंतरची तपासणी

कन्सेंट मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. तपासणी करणं हे कौन्सिलचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि तिचा रास्त खर्च ती तुमच्याकडूनच घेते. ओळखपत्र असलेला अधिकारी कोणत्याही वाजवी वेळी जमिनीवर येऊ शकतो. राहतं घर तेवढं वगळलेलं आहे. डेअरीवर तो आधी शेणपाण्याच्या तळ्याची पातळी पाहतो, मग शेणपाण्याची फवारणी चालू असलेल्या कुरणात चालत जातो. फवारायचं यंत्र एका जागी अडकलं असेल तर तिथे हिरवट-काळं डबकं साचलेलं दिसतं. तिथून उतार कुठे जातो, खालच्या चरात पाण्याला रंग आहे का, हे पाहून तो निर्जंतुक बाटलीत नमुना घेतो, बर्फाच्या पेटीत ठेवतो आणि प्रयोगशाळेत पाठवतो. नंतर अहवाल येतो. त्यात बहुधा पूर्ण पालन, किंवा कमी, मध्यम वा गंभीर उल्लंघन असा शेरा असतो. सेकंदाला पाच लिटर किंवा त्याहून जास्त पाण्याची कन्सेंट असेल तर मीटर बसवून नोंदी पाठवणं सक्तीचं आहे.

उल्लंघन झालं तर प्रकरण ताकिदीवरून नोटिशीवर आणि तिथून कोर्टात जाऊ शकतं. २०२५ च्या दुरुस्तीनंतर कमाल दंड व्यक्तीसाठी १० लाख आणि कंपनीसाठी १ कोटी डॉलर आहे.

एवढी कडक तपासणी कशासाठी, हे हॉक्स बेमधल्या हॅवलॉक नॉर्थ गावाला विचारावं. ऑगस्ट २०१६ मध्ये जोरदार पावसानंतर मेंढ्यांच्या लेंड्यांतले कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू या गावाच्या पिण्याच्या पाण्यात उतरले. १४,००० वस्तीच्या गावात ५,००० हून अधिक लोक आजारी पडले, काहींचे प्राण गेले. सरकारी चौकशीने पाणीपुरवठा करणाऱ्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलला दोष दिलाच, पण रिजनल कौन्सिललाही ठपका ठेवला. गावाच्या बोअरना दिलेल्या कन्सेंटच्या अटी पाळल्या जातात का, यावर तिने पुरेसं लक्ष ठेवलं नव्हतं. बोअरचं तोंड नीट बंद ठेवावं, ही कन्सेंटवरची अट क्षुल्लक वाटते. तुमच्या कन्सेंटवर ती असेल तर पहिल्याच आठवड्यात बोअर उघडून पाहा.

तयार शेत विकत घेत असाल तर

पाणी उचलण्याची आणि शेणपाणी सोडण्याची कन्सेंट जमिनीबरोबर आपोआप तुमच्या नावावर होत नाही. हस्तांतराची लेखी सूचना कौन्सिलला पोहोचेपर्यंत ते हस्तांतर लागू होत नाही. वकिलाला हे काम खरेदीच्या यादीत लिहून द्या. करारावर सही करण्याआधी कन्सेंटची पूर्ण प्रत, मुदत संपण्याची तारीख आणि मागचे तपासणी अहवाल मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर कौन्सिलकडे लेखी माहिती मागा. आपल्याकडच्या माहितीच्या अधिकारासारखा इथे १९८७ चा कायदा आहे आणि कौन्सिलने वीस कामकाजी दिवसांत निर्णय कळवायचा असतो. तेवढे दिवस हातात राहतील अशीच कराराची तारीख ठरवा.