सिमला ऑफिस आणि एल निनो

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिसचा चौक आहे, रोज हजारो लोक तिथून जातात पण पुण्यातल्या हवामान खात्याला सिमल्याचं नाव का, हे फार कमी जणांना माहितीये. मुख्यालय आधी सिमल्याला होतं, १९२८ ला पुण्यात आलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. दर मे महिन्यात आपण "यंदा एल निनो आहे का" विचारतो ना, त्या प्रश्नाचा अर्धा शोध याच खात्यात लागलाय.

१८७६-७७ ला दख्खनमध्ये पाऊस फिरकला नाही, लाखो माणसं गेली. खातं तेव्हा नवंच, १८७५ चं. हिमालयातल्या बर्फावरून अंदाज द्यायला लागले पण १८९९ ला तो साफ चुकला, परत दुष्काळ. मग १९०४ ला गिल्बर्ट वॉकर आले, मूळचे गणिती. जगभरातल्या नोंदी गोळा करून त्यांनी आपल्या क्लार्क लोकांकडून हाताने आकडेमोड करून घेतली (कॉम्प्युटर कुठला त्या काळी!) आणि त्यातून दिसलं की पॅसिफिकवर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराकडे कमी होतो, आणि उलटंही. याला त्यांनी सदर्न ऑसिलेशन म्हटलं. पण असं का होतं ते काही त्यांना सांगता आलं नाही.

ते उत्तर समुद्रात होतं. पेरूचे कोळी ख्रिसमसच्या सुमाराला येणाऱ्या गरम प्रवाहाला एल निनो, म्हणजे बाळ येशू म्हणायचे. एरवी पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारे व्यापारी वारे गरम पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात आणि पेरूजवळ खालचं थंड पाणी वर येतं, त्यावर मासळी जगते. वारे ढिले पडले की गरम पाणी पूर्वेला सरकतं, पाऊसही त्याच्यामागे जातो आणि आपल्यावर हवा खाली दबते, ढगच धरत नाहीत. वारा आणि पाणी एकमेकांना असे ओढतात हे १९६९ ला हवामानशास्त्रज्ञ याकोब बियर्कनेस यांनी जुळवून दाखवलं, आणि त्या वाऱ्याच्या चक्राला वॉकर यांचंच नाव दिलं, हे मला फार आवडतं.

१९७२ ला पेरूची मासळी बसली आणि त्याच साली आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ, ज्याच्या सुकडीच्या आठवणी घरोघरी अजून निघतात. अर्थात आधीची दोन वर्षंही कोरडीच होती, सगळं खापर एल निनोवर नाही फोडता येत.

आणि १९९७ ला तर एवढा जबर एल निनो असून देशात पाऊस नॉर्मल पडला! तेव्हा हिंदी महासागराचा पश्चिम भाग जास्त तापला होता, या प्रकाराला १९९९ पासून डायपोल म्हणतात. आता अंदाजात एल निनोच्या शेजारी त्याचीही ओळ असते.