‘डीएनए ९९.९९ टक्के जुळला’ म्हणजे काय?

पोटगीच्या खटल्याच्या बातमीत हे वाक्य हमखास असतं, आणि ते चुकीचं आहे. कुठल्याही दोन अनोळखी माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखाच असतो. अहवालातला आकडा पितृत्वाच्या शक्यतेचा असतो.

डीएनएमध्ये काही जागी चार अक्षरांचा तुकडा लागोपाठ येतो. टीएच०१ या जागी ‘एएटीजी’ येतो. तो किती वेळा येतो, हे माणसागणिक बदलतं आणि प्रत्येकाकडे अशा दोन संख्या असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. समजा बाळाकडे ७ आणि ९, आईकडे ६ आणि ७. मग ९ बापाचाच. ज्याच्यावर दावा आहे त्याच्याकडे ८ आणि ९ आहेत, म्हणजे तो ९ देण्याची शक्यता १/२. समाजात ९चं प्रमाण चारात एक असेल, तर कुणाही परक्या पुरुषाकडून तो येण्याची शक्यता १/४. भागाकार २. एवढ्याने काहीच ठरत नाही. पण अशा २० जागा तपासल्या आणि प्रत्येकीचा २ आला, तर गुणाकार होतो १०,४८,५७६! सुरुवातीला तो बाप असण्याची आणि नसण्याची शक्यता समान धरली, की हेच ९९.९९९९ टक्के.

तुलना परक्या पुरुषाशी आहे, हे विसरू नये. ज्याच्यावर दावा आहे त्याच्या सख्ख्या भावावर संशय असेल तर प्रयोगशाळेला आधी सांगावं लागतं. एकच जागा जुळली नाही म्हणून पितृत्व फेटाळत नाहीत, कारण ही संख्या पिढी बदलताना हजारात एक-दोनदा आपोआप बदलते. नाक-डोळ्यांवरून बाप ठरवणं मात्र निव्वळ अंधश्रद्धा. रक्तगटही फार तर नकार देऊ शकतो; आणि ‘ए’ गटाच्या जोडप्याला ‘ओ’ गटाचं मूल होऊ शकतं, त्यावरून घरं मोडू नयेत.

चाचणीसाठी गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा ओलाच प्लॅस्टिकमध्ये बंद केला तर बुरशी लागून डीएनए तुटतो. म्हणून बोळा सुकवून कागदी पाकिटात, साक्षीदारांसमोर सीलबंद करतात. घरगुती किटमध्ये बोळा नक्की कोणाचा, हेच सिद्ध होत नाही.

कायद्याचं गणित वेगळं. वैध विवाह टिकून असताना किंवा तो संपल्यावर आईने पुन्हा लग्न केलं नसताना २८० दिवसांत जन्मलेलं मूल पतीचंच, असं भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ११६ मानतं; गर्भ राहू शकला असता त्या काळात पती-पत्नींना एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे सिद्ध केलं तरच ते गृहीतक ढळतं. म्हणून अशा मुलाची चाचणी न्यायालय सहजी मंजूर करत नाही. विवाहाबाहेरच्या मुलासाठी चाचणीचं वजन मोठं. रक्त सहसा जबरदस्तीने काढत नाहीत, पण नकार देणाऱ्याविरुद्ध न्यायालय प्रतिकूल अनुमान काढू शकतं, म्हणजे चाचणीचं उत्तर त्याच्या विरोधात गेलं असतं असं मानू शकतं.

फौजदारी प्रक्रियेचा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली अनौरस मुलालाही पोटगीचा हक्क आहे. अर्ज करतानाच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, पोटगी मागावी. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असं तेच कलम सांगतं.