लिनक्समधील कॉपी-पेस्ट : टर्मिनल आणि ग्राफिकल सत्र

लिनक्स प्रणालीवर टर्मिनल (आदेश टंकून देण्याची खिडकी) आणि ग्राफिकल खिडक्या यांच्यात मजकूर नेण्या-आणण्याची पद्धत. वरवर ही एकच क्रिया दिसत असली, तरी मजकुराच्या वाटा अनेक आहेत आणि त्या एकमेकींना आपोआप मिळत नाहीत.

१९८७ साली आलेल्या एक्स११ या ग्राफिकल प्रणालीत निवडलेला मजकूर कोणत्याही मध्यवर्ती जागी साठवला जात नाही. ज्या प्रोग्रॅममध्ये तो निवडला, तो प्रोग्रॅम केवळ ‘निवड माझ्याकडे आहे’ असे जाहीर करतो. दुसऱ्या खिडकीने पेस्ट मागितल्यावर मजकूर त्याच क्षणी मूळ मालकाकडून येतो. परभणी जिल्ह्यातील नऊ तालुक्यांची यादी करताना एखाद्या विद्यार्थ्याने एडिटरमधून ‘जिंतूर’ कॉपी केले आणि एडिटर बंद करून टर्मिनलमध्ये पेस्ट केले, तर काहीच उमटत नाही, कारण देणाराच उरलेला नसतो. अशा वेळी मजकूर स्वतःकडे ठेवून घेणारा क्लिपबोर्ड मॅनेजर चालू असेल, तरच तो वाचतो.

शिवाय प्रत्यक्ष वापरातल्या निवडी दोन आहेत. माऊसने मजकूर नुसता रंगवला की तो ‘प्रायमरी’त जातो आणि माऊसचे मधले बटण दाबल्यावर उमटतो, कॉपीचा आदेश देऊन घेतलेला मजकूर ‘क्लिपबोर्ड’मध्ये जातो. टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी हा संकेत चालू असलेला प्रोग्रॅम थांबवण्यासाठी आधीपासूनच राखून ठेवलेला असल्यामुळे तेथे कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी आणि पेस्टसाठी कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरतात. आदेशाचे उत्तर थेट कॉपी करायचे असल्यास ते ‘एक्सक्लिप’ या साधनाकडे पाइपने (एका आदेशाचे उत्तर थेट दुसऱ्याला देणाऱ्या ‘|’ चिन्हाने) देतात. मात्र हे साधन मजकूर मुळात प्रायमरीत ठेवते, म्हणून क्लिपबोर्ड हवा असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते. अनेकांचा घोळ नेमका इथे होतो. एक्स११ ऐवजी वापरल्या जाणाऱ्या वेलँड या नव्या ग्राफिकल प्रणालीवर हेच काम ‘डब्ल्यूएल-कॉपी’ आणि ‘डब्ल्यूएल-पेस्ट’ करतात.

कंट्रोल-अल्ट आणि फंक्शन की दाबून उघडणारा, खिडक्या नसलेला मजकुरी कन्सोल हे वेगळेच प्रकरण आहे. तेथे ‘जीपीएम’ ही सेवा चालू असल्यास माऊसने निवडून पेस्ट करता येते, पण ती निवड ग्राफिकल सत्रापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही बाजूंना जोडणारा खात्रीचा पूल म्हणजे फाइल: कन्सोलवर आदेशाचे उत्तर फाइलमध्ये वळवावे आणि ग्राफिकल सत्रात ती फाइल उघडावी. प्रस्तुत नोंदकाराच्या मते शिकवतानाही हीच वाट आधी दाखवावी, कारण फाइल कोणत्याही खिडकीवर अवलंबून राहत नाही.

मराठी मजकुराबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर बाइटांत साठवण्याची पद्धत) मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते; ‘जिंतूर’ या शब्दात सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट येतात. एक्स११ मधील जुन्या ‘स्ट्रिंग’ प्रकारात लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय अक्षरसंचाचीच अक्षरे बसतात, त्यामुळे मजकूर मागणारा प्रोग्रॅम ‘यूटीएफ८_स्ट्रिंग’ प्रकार मागत नसेल, तर मराठी मजकूर बिघडतो. मजकुरी कन्सोल देवनागरी जोडाक्षरे नीट दाखवत नाही, पण म्हणून फाइलमधील बाइट बदललेले नसतात. तीच फाइल ग्राफिकल टर्मिनलमध्ये उघडली की मजकूर वाचता येतो. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टंकलेला मजकूर मात्र टर्मिनलमध्ये पेस्ट केल्यावर रोमन अक्षरांचा गुंता होऊन उतरतो आणि तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावाच लागतो.

पेस्ट केलेल्या मजकुरात ओळ संपल्याची खूण असेल, तर शेल (आदेश वाचून चालवणारा प्रोग्रॅम) ती एंटर समजून आदेश तत्काळ चालवू शकते. ‘ब्रॅकेटेड पेस्ट’ या सोयीत टर्मिनल पेस्टच्या आधी व नंतर ठरावीक खुणा पाठवते, त्यामुळे शेल तो मजकूर न चालवता नुसता दाखवते. ही सोय बंद असेल तेथे आदेश आधी साध्या एडिटरमध्ये पेस्ट करून ओळ न् ओळ वाचावेत.