लसणाची कॅप्सूल आणि हृदय : हा दावा आला कुठून?

उन्हाळा लागता लागता इंदूरच्या चोइथराम मंडीत नव्या लसणाची आवक वाढते आणि मराठी घरांत गड्ड्या भरून ठेवल्या जातात. माळवा म्हणजे लसणाचं आगरच. तरीही याच घरांतली वडीलधारी मंडळी केमिस्टकडून लसणाच्या कॅप्सूल आणतात, हार्टला चांगल्या म्हणून. या समजुतीमागे निव्वळ आजीबाईचा बटवा नाही. त्यात प्रयोगशाळाही आहेत आणि त्यांतल्या महत्त्वाच्या दोन आपल्या आसपासच्याच.

लसणाची जुनी थोरवी सगळ्यांना ठाऊक आहे. १८९० मध्ये मध्य आशियातल्या कुचा इथे सापडलेल्या बॉवर हस्तलिखितातला वैद्यकाचा एक भाग लसणाच्या स्तुतीनेच सुरू होतो. पण कोलेस्टेरॉल कमी होण्याची गोष्ट खूप अलीकडची आहे.

१९४४ मध्ये अमेरिकेत चेस्टर कॅव्हलिटो आणि जॉन बेली यांनी लसणातून ॲलिसिन हे द्रव्य वेगळं काढलं. अखंड कुडीत ते जवळजवळ नसतंच. कुडी ठेचली की ॲलिइन हे द्रव्य आणि ॲलिइनेज हे विकर (एन्झाइम) एकत्र येतात आणि ॲलिसिन तयार होतं, ठेचताना येणारा उग्र वास तोच. हे विकर उष्णतेने निकामी होतं, जठरातल्या आम्लानेही. म्हणून लसणाची पूड, तेल आणि मुरवलेला अर्क या तिघांत वेगवेगळी द्रव्यं उरतात. बाटलीवर मात्र तिन्ही ‘लसूण’च असतात.

पुढे १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात उदयपूरच्या अरुण बोर्डिया आणि बन्सल यांचा निबंध आला. लोण्यासोबत लसणाचा रस किंवा तेल दिलं, तर लोण्यामुळे रक्तात वाढणारं कोलेस्टेरॉल आटोक्यात राहतं, असं त्यांना दिसलं. १९७९ मध्ये पुण्याच्या सैनानी आणि सहकाऱ्यांनी जैन समाजातले तीन गट तपासले : कांदा-लसूण भरपूर खाणारे, थोडा खाणारे आणि कधीच न खाणारे. भरपूर खाणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल सर्वांत कमी निघालं. कल्पना सुंदर होती, कारण लसूण वर्ज्य असलेला एवढा मोठा समाज दुसरीकडे मिळणं अवघड. पण अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, आणि ताटातला लसूण म्हणजे कॅप्सूलही नव्हे.

तोवर जर्मनीत लसणाच्या पुडीच्या गोळ्यांचा मोठा बाजार उभा राहिला. १९९३ मध्ये पाच चाचण्यांची आकडेवारी एकत्र केल्यावर कोलेस्टेरॉल सुमारे ९ टक्क्यांनी उतरल्याचं निघालं. इथवरची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांनी ऐकली. पुढची फारशी कोणी सांगितली नाही, याचं वाईट वाटतं.

चाचण्या जसजशा काटेकोर होत गेल्या, तसतसा फायदा आटत गेला. १९९८ मध्ये लसणाच्या तेलाचा काही परिणाम दिसला नाही. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या गार्डनर यांनी १९२ जणांना सहा महिने कच्चा लसूण, पूड, मुरवलेला अर्क किंवा नुसतीच बनावट (औषध नसलेली) गोळी दिली. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, कोणत्याही गटात ठळकपणे कमी झालं नाही. २०२२ च्या एका चाचणीत ५ मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिनने (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या ‘स्टॅटिन’ गटातलं औषध) २८ दिवसांत एलडीएल ३५ टक्क्यांहून अधिक उतरवलं. लसणाच्या गटात ते बनावट गोळीच्या तुलनेत थोडं वाढलेलंच होतं. ही चाचणी त्या औषधाच्या कंपनीच्या पैशाने झाली होती, हे लक्षात ठेवूनही दोन्हींतली तफावत फार मोठी आहे.

रक्तदाबाचं चित्र थोडं बरं आहे. आधीच दाब जास्त असलेल्यांत तो काहीसा उतरल्याचं काही चाचण्यांत दिसलं. मात्र त्याने हार्ट अटॅक किंवा मृत्यू टळतात का, हे सांगण्याइतका पुरावा नाही, असं वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात म्हटलं आहे.

लसूण भाजी की मसाला, हा वाद मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेला आणि २०२४ मध्ये निकाल भाजीच्या बाजूने लागला. तिथे प्रश्न तो मंडीत कसा विकायचा याचा होता. कॅप्सूल मात्र बहुतेकदा अन्नपूरक किंवा आयुर्वेदिक उत्पादन म्हणून विकली जाते. तिला स्टॅटिनसारखी कसोटी लागत नाही, म्हणून तिच्या भरवशावर स्टॅटिन बंद करणं धोक्याचं आहे.

शिवाय लसणाने रक्तातल्या बिंबिकांचं (प्लेटलेट्सचं) चिकटणं कमी होतं. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन असं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना सांगावं. ऑपरेशन ठरलं असेल, अगदी दात काढायचा असला तरी, आधीच विचारून ती बंद करावी. भाजीतल्या फोडणीला ही बंधनं नाहीत.