मिनीव्हॅनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : देखभाल व दुरुस्ती

सहा-सात किंवा अधिक माणसे नेणाऱ्या गाडीतील आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची निगा, तेलबदल व दुरुस्ती. मुंबईत इनोव्हा क्रिस्टा, अर्टिगा, कॅरेन्स, कार्निव्हल या गाड्या परिचयाच्या आहेत, पण सगळ्यांचा बॉक्स एकाच जातीचा नाही. ट्रायबरमध्ये एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच व गिअर यंत्राने हलवलेले) आहे, हायब्रिड इनोव्हा हायक्रॉसमध्ये ई-सीव्हीटी (विजेच्या मोटरच्या मदतीने, ठरावीक गिअरच्या पायऱ्यांशिवाय चालणारी). पुढील विवेचन २०२२ पर्यंतच्या ऑटोमॅटिक क्रिस्टात किंवा २०२२ पासूनच्या अर्टिगात असलेल्या टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) प्रकाराचे आहे.

या प्रकारात पंप तेलाला दाब देतो. वॉल्व बॉडीतील (तेलाच्या वाटा असलेल्या भागातील) सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपा, तो दाब हव्या त्या क्लच प्लेटांकडे वळवतात आणि गिअर बदलतो. शक्ती पुढे नेणे, दाब देणे, वंगण पुरवणे आणि उष्णता वाहून नेणे ही चारही कामे एकच तेल करते. त्यामुळे बॉक्सचे आयुष्य मुख्यतः तेलावर ठरते.

तेलाचा पहिला शत्रू उष्णता. संध्याकाळी पश्चिम द्रुतगती मार्गावर गाडी डी (ड्राइव्ह) मध्ये, ब्रेकवर उभी असते तेव्हाही कन्व्हर्टर तेल घुसळतच असतो. सात माणसे आणि सामान घेऊन बोरघाट चढताना ताण आणखी वाढतो. काही गाड्यांच्या पुस्तिकेत सामान्य वापरात तेल बदलण्याची गरज नाही असे असते, मात्र मुंबईचा वापर सामान्य नव्हे. इथे साधारण ४० ते ६० हजार किलोमीटरला तेल बदलणेच शहाणपणाचे.

तेल बदलताना चेंबर (बॉक्सच्या तळाचे तेलाचे भांडे) उतरवल्यावर आतले लोहचुंबक आधी पाहावे. त्यावर बारीक राखाडी लगदा असणे ही नेहमीची झीज. नखाला टोचणारे तुकडे निघाले तर आत काहीतरी तुटले आहे. निरोगी तेल बहुधा लालसर असते, जळलेले काळपट आणि करपट वासाचे. चेंबरचे पॅकिंग नवे घालावे, फिल्टर बदलण्याजोगा असल्यास तोही. कन्व्हर्टरमधले तेल खाली येत नसल्याने एका वेळी निम्म्याच्या आसपासच बदलले जाते; म्हणून थोडे अंतर चालवून पुन्हा बदलतात. पातळी इंजिन चालू ठेवून, कंपनीने दिलेल्या तापमानालाच मोजायची. ग्रेडही पुस्तिकेतलाच हवा : क्रिस्टाला टोयोटाचे डब्ल्यूएस ग्रेडचे तेल लागते, सीव्हीटी प्रकारच्या बॉक्सचे तेल चालत नाही.

दुसरा शत्रू पाणी. पावसात पाणी तुंबणाऱ्या हिंदमाता किंवा मिलन सबवेत गाडी अडकली की पाणी ब्रीदरमधून (बॉक्सच्या हवा येण्याजाण्याच्या छिद्रातून) बॉक्समध्ये शिरू शकते. तेल दुधाळ गुलाबी दिसू लागते, क्लच प्लेटांवरचे कागदी अस्तर फुगून सुटते. अशी गाडी चालू करू नये. टोचन लावून ओढणेही घातक, कारण इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि वंगण मिळत नाही. इंजिनाची शक्ती मिळणारी चाके जमिनीवर टेकू न देता, शक्यतो फ्लॅटबेडवरच न्यावी. रेडिएटरमधला, बॉक्सचे तेल थंड करणारा कूलर फुटला तरी तेल असेच दिसते, तेव्हा कूलंटही तपासावे.

गिअर पडताना झटका, डी टाकल्यावर उशीर, आरपीएम चढूनही वेग न येणे ही बिघाडाची लक्षणे. मात्र लगेच बॉक्स उतरवू नये. आधी तेलाची पातळी पाहावी, मग स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) लावावा. अनेकदा सोलेनॉइड किंवा वायरिंगवर भागते. वॉल्व बॉडी बदलल्यास स्कॅनरने नव्याने जुळवणी करावी लागते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने बॉक्स मिळतात. घेताना बॉक्सवरचा क्रमांक आपल्या गाडीशी जुळवून बघावा आणि बसवण्याआधी कूलर व त्याच्या नळ्या धुऊन घ्याव्यात, नाहीतर जुन्या बॉक्सचा कचरा नव्यात जातो.